गैरहजर खेळाडूचे सव्वीस

चुकीची वजाबाकी डोळ्यांसमोर दिसली की मला गप्प बसवत नाही. माझा स्वभावच तसा आहे, आणि त्यापायीच मी डार्ट्सच्या नादी लागले.

मेलबर्नच्या डँडेनॉन्गला एका पॅकेजिंग कंपनीच्या लॅबमध्ये मी नुकती लागले होते. क्लेटनची युनि संपली होती आणि लग्नाला वर्ष झालं होतं. ऑफिसमधली मंडळी एका मंगळवारी सुटल्यावर जवळच्या पबमध्ये जेवायला गेली, म्हणून मीही गेले. शेजारच्या कोपऱ्यात डार्ट्सची मॅच चालू होती. फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने चारशे अठरातून पंच्याऐंशी वजा केले आणि तीनशे त्रेचाळीस लिहिले. मी चिप्स खाता खाताच म्हणाले, "थ्री थर्टी-थ्री." सगळे माझ्याकडे वळले. म्हाताऱ्याने बोटाने आकडा पुसला, नीट लिहिला, आणि खडू माझ्यापुढे धरला. "ये मग," तो म्हणाला, "तूच लिही, मेट."

तो म्हातारा म्हणजे आमच्या डार्ट्स संघटनेचा सेक्रेटरी. निवृत्त फोर्कलिफ्ट ड्रायव्हर. आठवड्याच्या मॅचेस ठरवणं, याद्या करणं, फोन करणं, बोर्डाचे दिवे बदलणं, हे सगळं तो फुकट करायचा, हौसेने. घरी आम्ही त्याला सेक्रेटरीकाका म्हणायला लागलो. नवरा चिडवायचा, "गणिताचा राग कुठे काढावा म्हणतेस, तर पबमध्ये."

खेळ सोपा आहे. प्रत्येक संघाचे चार जण, दोन्ही संघांनी हजार एकपासून सुरुवात करायची, प्रत्येकाने पाळीला तीन डार्ट मारायचे, पडतील तेवढे आकडे वजा करत जायचं आणि बरोबर शून्यावर यायचं. शेवटचा डार्ट मात्र कडेच्या बारीक कड्यात लागावा लागतो. चौघांपैकी कुणी आलं नसेल तर त्याची पाळी बुडत नाही. त्याला दर पाळीला सव्वीस द्यायचे, असा आमच्या संघटनेचा नियम. सव्वीसच का, तर प्रत्येक जण विसावर नेम धरतो आणि विसाच्या एका बाजूला एक असतो, दुसऱ्या बाजूला पाच. सामान्य माणसाचे तीन डार्ट हमखास असे फुटतात. वीस, पाच, एक. न आलेला माणूस आला असता तर त्याने बहुधा एवढंच केलं असतं, असा त्यामागचा हिशोब. फक्त शेवटचा कड्यातला डार्ट त्याला मारता येत नाही. तो आलेल्यानेच मारायचा.

आणि एक रीत होती. न आलेल्याची पाळी आली की डार्ट मारायच्या रेषेवर कुणी उभं राहायचं नाही. खडूवाल्याने त्याचं नाव मोठ्याने पुकारायचं आणि म्हणायचं, "सव्वीस." मगच पुढचा खेळाडू.

तीन सीझन मी खेळले. मग नवऱ्याला सिडनीत नोकरी लागली आणि आम्ही क्वेकर्स हिलला राहायला गेलो. जाताना पबमध्ये निरोप घ्यायला मी गेले नाही. सामान बांधण्यात राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं. सेक्रेटरीकाकांचा एकदा फोन आला. "परत येणार का?" मी म्हणाले, "बघू, कदाचित." असं 'कदाचित' आपण किती सहज टाकतो. दोन वर्षांनी खरंच मेलबर्नला परत आलो. तोवर मुलगी झाली होती. घर पबपासून गाडीने पंधरा मिनिटांवर घेतलं, तरी आठ महिने मी तिकडे फिरकले नाही. एका मंगळवारी शेवटी गेले. सेक्रेटरीकाका फळ्यापाशी उभे होते. खूप वाळले होते. त्यांनी मला पाहिलं आणि हॅलोसुद्धा न म्हणता म्हणाले, "तुझी पाळी." मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले आणि कुणाचे तरी डार्ट घेऊन मारले.

पुढच्या हिवाळ्यात ते हॉस्पिटलमध्ये होते. त्यांच्या मुलीने पाच खोकी माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवली: नियमांचं पुस्तक, याद्या, वीसेक वर्षांचे मॅचचे कागद. "डॅड म्हणाले, तुलाच द्यायची." मला विचारलं नव्हतं कुणी, आणि मी नाही म्हणाले नाही. ते गेल्यावर मी आपोआप सेक्रेटरी झाले. निवड वगैरे काही झाली नाही.

पहिल्याच सीझनची यादी भरायला बसले आणि अडले. नियमाप्रमाणे चार संघ हवेत. प्रत्येक संघाच्या यादीत सहा नावं हवीत आणि त्यातले चार खेळणार. चारपेक्षा कमी संघ असतील तर सीझन भरवायचा नाही. आमच्या संघात ते गेल्यावर पाचच उरले होते. मी त्यांचं नाव तसंच ठेवलं. एका सीझनपुरतं, असं ठरवलं. त्यांची पाळी येईल तेव्हा त्यांचं नाव पुकारलं जाईल, त्यांना सव्वीस मिळतील, यात मला बरंही वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. कुणी विचारलं तर मी म्हणायची, "त्यांचीच पद्धत होती ही, कुणाला खोडायचं नाही."

मग एकेक करत सगळ्या संघांनी तेच केलं. पर्थला गेलेला, पाठीचं ऑपरेशन झालेला, वृद्धांच्या नर्सिंग होममधला, आणि मेलेले. खेळणारे कमी होत गेले तशी सव्वीसं वाढत गेली. या वर्षी तर अशी वेळ आली की एका बाजूला दोन जण उभे, दुसऱ्या बाजूला दोन, आणि मी मधे खडू घेऊन चार नावं पुकारतेय, जी कधीच उत्तर देणार नाहीत. दर नावानंतर ती रेषा रिकामी राहायची. पलीकडे बिस्ट्रोत लोक जेवत असायचे, काटे-चमचे वाजत असायचे. एक म्हातारी आमच्या विरुद्ध संघाची कॅप्टन होती, काठी घेऊन यायची. तिच्या नवऱ्याचं नाव मी पुकारलं की ती डोळे मिटून घ्यायची.

मला झपाटल्यासारखं झालं होतं. दुसरा शब्द नाही. ट्रेनने जाताना, दुकानात भाजी घेताना ती नावं त्याच क्रमाने तोंडात यायची. मुलगी होमवर्क करत होती, विचारलं, "आई, थर्टी-नाइन मायनस थर्टीन?" मी उत्तराऐवजी सेक्रेटरीकाकांचं नाव घेतलं. ती म्हणाली, "हू इज दॅट?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तू दर मंगळवारी नक्की कुणाबरोबर खेळतेस गं?" त्याने विचारलं. मी चिडले. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच चिडले.

मग पबच्या मॅनेजरने सांगितलं की सीझनच्या शेवटी त्याला त्या कोपऱ्याचं काहीतरी ठरवायचं आहे. संघटना चालू राहणार की नाही, ते आम्ही लेखी कळवावं. "नो वरीज, घाई नाही," असंही म्हणाला. त्यासाठी सर्वसाधारण सभा हवी. सभेला यादीतले निम्मे लोक हवेत. यादीत चोवीस नावं होती. सभेला आम्ही अकरा जण आलो. जिवंत आणि येऊ शकणारे एवढेच होते. बारा हवे होते. एका माणसासाठी सभा रद्द झाली. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावली, पुन्हा अकराच. संघटना जिवंत ठेवायला आम्ही जी नावं यादीत ठेवली होती, त्यांच्यामुळेच आता ती चालूही ठेवता येईना आणि बंदही करता येईना. आणि हे सुरू मी केलं होतं.

तिसऱ्या सभेच्या रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये खोकी उघडून बसले. सेक्रेटरीकाका अशा वेळी काय करायचे, ते मला बघायचं होतं. त्यांच्या पद्धतीच्या नावाने मी इतकी वर्षं सांगत आले होते, पण ती शोधून कधी पाहिली नव्हती.

जुन्या याद्या मिळाल्या. त्यांच्या आधीच्या सेक्रेटरीचं नाव होतं, त्यावर पट्टीने मारलेली सरळ रेघ. त्यांच्या जिवलग मित्राचं नाव, त्यावर तशीच रेघ, बाजूला लिहिलं होतं, 'आज फ्युनरल.' मेलेला प्रत्येक माणूस त्यांनी त्याच आठवड्यात खोडला होता. पट्टी लावून, व्यवस्थित. एकही सुटला नव्हता.

मग मी सिडनीत होते त्या वर्षांचे कागद काढले. आमच्या संघाच्या कागदावर चौथं नाव माझं होतं. पुढे सव्वीस, सव्वीस, सव्वीस. मी पुढचा मंगळवार काढला. तिथेही मी होते. त्याच्या पुढच्यालाही. दोन वर्षं आणि वर आठ महिने. मी पंधरा मिनिटांवर राहत होते आणि जात नव्हते, त्या आठही महिन्यांचे कागद होते. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात, नावाच्या शेजारी कंसात एकच शब्द: 'येईल.' दर मंगळवारी ते रेषेकडे बघून माझं नाव पुकारत असणार. आणि त्या दिवशी मी दारातून आत आले तेव्हा त्यांनी थट्टा केली नव्हती. कागदावर माझं नाव होतं आणि खरोखर माझी पाळी आली होती.

गॅरेजच्या थंड लादीवर बसून मी रडले. त्यांनी माझी जागा राखली होती कारण मी येऊ शकत होते. आणि मी, त्यांच्याच नावाखाली, न येणाऱ्यांच्या जागा राखत बसले होते. येऊ शकणाऱ्या एकालाही तीन वर्षांत मी फोन केला नव्हता.

आरवोला, म्हणजे दुपारी, सभा भरली. पुन्हा अकरा जण. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ही जुन्या सेक्रेटरींची पद्धत होती असं मी तुम्हाला सांगत आले. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटंच होतं." जुन्या याद्या मी टेबलावर ठेवल्या. सगळ्यांनी त्या हातात घेऊन बघितल्या.

एक जण म्हणाला, "दोन नावं खोडली तर बावीस होतात. मग अकरा पुरतात. दोनच खोडू या." हिशोब बरोबर होता. पण कुठली दोन, ते कुणी सांगेना. सगळे आपापल्या ग्लासात बघत होते.

काठीवाली म्हातारी म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं खोड." तिने माझ्या हातातली पट्टी घेतली, नावाखाली नीट लावली आणि दाबून धरली. "हं, मार." मी रेघ मारली. मग पट्टी आमच्या संघाच्या यादीवर सरकवली. सेक्रेटरीकाकांच्या नावावरची रेघ पट्टी असूनही वाकडी आली. त्यांना आवडलं नसतं. सभा कायदेशीर झाली.

मग बाकीची अकरा. जे गेले होते त्यांच्यावर रेघ. पर्थवाल्याला मी तिथूनच फोन लावला, तो म्हणाला, "खोड, मी आता इथलाच." नर्सिंग होममधल्याने विचारलं, "अजून खेळता तुम्ही?" असं करत यादीत आम्ही अकराच उरलो. नियम बदलून दोन संघांवर सीझन पुरा करायचा की संघटना बंद करायची, यावर हात वर झाले. सहा विरुद्ध पाच. चालू ठेवायचं ठरलं, सीझन संपेपर्यंत. कुणाचे हात कुठे होते ते मी लिहून ठेवलं नाही. मॅनेजरला तसं कळवलं. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

त्या मंगळवारी मॅच झाली. दोन्ही बाजूंना तीन-तीन जण. खडू माझ्याकडे होता. आमच्यातले दोघे मारून झाले. इतकी वर्षं त्यानंतर सेक्रेटरीकाकांची पाळी असायची आणि मग माझी. माझ्या तोंडून त्यांचं नाव निघून गेलं, चांगलं मोठ्याने. खडू फळ्यावर टेकला होता. मला पुढचा आकडा म्हणता येईना.

म्हातारी काठी टेकत आली आणि तिने माझ्या हातातून खडू काढून घेतला. "तो नाहीये, लव्ह," ती म्हणाली. "तुझी पाळी."

मी हात जीन्सला पुसला आणि रेषेवर जाऊन उभी राहिले. विसावर नेम धरला. पहिला डार्ट पाचात गेला. दुसरा विसात. तिसरा एकात.

म्हातारीने माझं नाव पुकारलं. "सव्वीस," ती म्हणाली, आणि फळ्यावर वजा केले.