पालींसाठी लावलेली पट्टी

सावाई बेटावरच्या त्या गावात संगणक रुसला की लोक तानिएलूला हाक मारत. हात गुणी होता, यात वाद नाही. पण ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते, आणि तीच खोड त्याला नडली.

चर्चमधलं गाणं संगणकावर नीट टिपता यावं म्हणून सालाफाई म्हातारीच्या मुलानं, पेनिअमिनानं, ऑकलंडहून आवाजाचं कार्ड पाठवलं होतं. बुधवारी सरावाच्या वेळी तानिएलूनं ते बसवून बटण दाबलं. पंखा फिरला, दोनदा टूं टूं झालं आणि पडदा काळाच राहिला. कार्ड काढलं की यंत्र सुरळीत चालायचं, बसवलं की ठप्प. असं चार वेळा झालं. गाणारी मंडळी चुळबुळू लागली, पाद्रीबाबांनी घड्याळ पाहिलं.

“कार्डच भंगार आहे,” तानिएलू म्हणाला. “तिकडं कचऱ्यात टाकायचं ते इकडं पाठवतात, आणि आपण बसतो देवाचे आभार मानत!”

सगळे खो खो हसले. सालाफाई मागच्याच बाकावर बसली आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी बोलला.

शनिवारी धूळ पुसताना त्यानं कार्ड बसवायच्या खाचेत टॉर्च मारला. तळाशी पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसली होती. बेटावर पाली यंत्रात शिरून अंडी घालतात, म्हणून रिकामी खाच पट्टीनं बंद ठेवायची, ही शिस्त त्यानंच गावाला लावलेली. ही पट्टीही त्याचीच, दोन वर्षांपूर्वीची. तिच्यामुळे कार्ड अर्धवटच टेकत होतं. त्यानं ती सोलून काढली, कार्ड बसवलं. यंत्र पहिल्या दमात सुरू झालं.

“लागलं की रे!” पाद्रीबाबा दारातून ओरडले. “काय केलंस?”

“थोडी कारागिरी,” तानिएलू बोलून गेला, आणि मग त्याची कानशिलं तापली.

रविवारी पाद्रीबाबांनी भर सभेत त्याची पाठ थोपटली. म्हणाले, यानं भंगाराचं सोनं केलं. तेवढ्यात सालाफाई उठली. हातात घडी घातलेली बारीक विणीची चटई होती. चार वर्षं विणलेली, नातीच्या लग्नासाठी ठेवलेली. बेटाची रीत अशी की चुकलेल्यानं अशी चटई डोक्यावर घेऊन माफी मागायची, आणि दुखावलेल्यानं ती उचलली की माफी मिळाली.

“माझ्या लेकानं देवाच्या घरी भंगार धाडलं,” ती म्हणाली. “त्याची लाज हिच्याखाली झाकून घ्या.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तानिएलूला झालं. तरी तो उठला.

“थांबा, आई. कार्ड चांगलंच होतं. खाचेत माझीच पट्टी राहिली होती, पालींसाठी लावलेली. मी ती फक्त काढली. कारागिरी कसली आलीय!”

या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं. तो जाऊन म्हातारीच्या पायाशी मान खाली घालून बसला.

“चटई डोक्यावर घेतल्याशिवाय माफी मागतोस होय रे?” असं म्हणत तिनं स्वतःचीच चटई उलगडून त्याच्या डोक्यावर घातली. त्या अंधारात त्याला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं तिनं ती उचलली. म्हणजे माफ केलं.

“ऊठ आता. पेनिअमिनाला फोन कर,” सालाफाई म्हणाली. “चार दिवस मी त्याला फोनवरून नाही नाही ते बोलले. कार्ड चांगलं होतं, असं पोर एकदाही म्हणालं नाही. ‘तानिएलूदादा म्हणतोय म्हणजे माझंच चुकलं असेल,’ एवढंच म्हणाला.”