आधीच्या कुत्र्याचं काय झालं?

मी आजवर कुठल्याही अर्जातला रकाना रिकामा सोडलेला नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी, सगळे अर्ज मीच भरले, कारण घरात भरून देणारं कुणी नव्हतं. नीट भरलेल्या कागदांनी मला शिरपूरजवळच्या खेड्यातून धुळ्याच्या कॉलेजात आणि तिथून जळगावच्या नोकरीत आणलं, हे मी विसरत नाही. म्हणून प्राण्यांच्या निवाऱ्यात दत्तकाचा अर्ज हातात आला तेव्हा मी निर्धास्त होतो.

कुत्री मुलीनं निवडली होती. पाचेक वर्षांची, तपकिरी, एक कान दुमडलेला. मला खरं तर पिल्लू हवं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, "पिल्लू पुढे कसं निघेल ते मला सांगता येत नाही. हिचं सगळं सांगते. लसी झाल्यात, ऑपरेशन झालंय, मुलांवर भुंकत नाही. फक्त मोटारसायकल सुरू झाली की इथल्या कॉटखाली जाते." देण्याआधी दोष सांगणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. मी पेन काढलं.

नवव्या रकान्यात अडलो. 'यापूर्वी प्राणी पाळला आहे का? असल्यास त्याचे काय झाले?'

गावी आमच्या ओट्याखाली एक पांढरा कुत्रा असायचा. त्याला नाव नव्हतं. 'यू यू' केलं की यायचा, मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचा. पण घरात कधी आला नाही. मग तो पाळलेला होता का? आणि मी धुळ्याला गेल्यावर त्याचं काय झालं? मी कधी विचारलंच नव्हतं. बाहेर येऊन वडिलांना फोन लावला.

"कुत्रा लेवाले बी अर्ज करना पडस का रे?" वडील हसले. "आपला नव्हता तो. गल्लीना व्हता."

मागून आई म्हणाली, "आपला कसा नही? पहिली भाकर रोज त्यानीच राहे."

वडिलांच्या मते तो म्हातारा होऊन शेतात मेला. आईच्या मते मेला नाही, केळीच्या ट्रकमागे गेला. मग शिरपूरला दिलेल्या अक्काला विचारलं. "साहेबले आते याद उनी का?" ती म्हणाली. तिच्या मते तो पलीकडच्या गल्लीत राहायला गेला होता, आणि तिथं त्याचं बरं चाललं होतं.

आत आलो. "पप्पा, झालं का?" मुलीनं विचारलं. तिनं सकाळीच घरी कॉटशेजारी जुनी सतरंजी घालून ठेवली होती. 'नाही' लिहावं तर ते खोटं वाटत होतं. 'होय' लिहावं तर निष्काळजी ठरून कुत्री हातची जाणार. शेवटी लिहिलं, 'होय, बहुधा. पुढे काय झाले ते माहीत नाही. विचारायला हवे होते.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"इथं बहुतेक जण 'म्हातारपणाने वारला' लिहितात," बाई म्हणाल्या. हे कौतुक की ठपका, मला कळेना. त्यांनी कुत्रीचं कार्ड पुढे सरकवलं. त्यात 'पूर्वीचे घर' या शब्दांपुढे लिहिलं होतं, 'माहीत नाही'. मग त्यांनी अर्जावर शिक्का मारला. "महिन्याभरानं मी घरी येईन. तेव्हा हिचं काय चाललंय ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे."

घरी आल्यावर कुत्री उंबऱ्याशी थांबली. मुलीनं पट्टा ओढला, ती हलेना. तिला आत घ्यायचं असतं की ओट्यावरच ठेवायचं असतं, अर्जावर सही करूनही मी गोंधळलो. सवयीनं तोंडातून 'यू यू' निघालं. ती आत आली आणि सरळ कॉटखाली गेली. मोटारसायकल तर कुठंच सुरू नव्हती.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. "दिधी का?"

"दिली."

"तो मरना आसं मी सांगी दिधं तुले. माले बी काही माहीत नही." मग म्हणाले, "हाई काय करी राहिनी आते?"

मी कॉटखाली वाकून बघितलं. ती बसून होती, डोळे उघडे होते. ती घाबरली होती की नुसती थकली होती, समजत नव्हतं.

"बठेल शे," मी सांगितलं.