थंड इंजिनावरचा हात

साळवेमामा जुनं मशीन बघायला गेले की विकणाऱ्याशी आधी एक शब्दही बोलत नसत. सरळ जाऊन इंजिनाच्या झाकणावर उजवा तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे, लेकराचा ताप बघावा तसे. झाकण कोमट लागलं तर हात पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "चला सर, चहा घेऊ." म्हणजे व्यवहार संपला. विकणाऱ्याने सकाळीच इंजिन चालवून ठेवलं असेल, तर ते पहिल्या फटक्याला सुरू होतं आणि त्याची सगळी दुखणी झाकली जातात. "गरम मशीन आणि नटलेला माणूस," मामा म्हणत, "यांची पारख करायची नसते. आधी निवू द्यायचं."

मशीन म्हणजे पुढे मोठं सूप आणि मागे खोदायचा लांब हात असलेलं ते पिवळं धूड. इंग्रजीत त्याला बॅकहो म्हणतात. आपल्याकडे ते कुठल्याही कारखान्यातून आलेलं असो, सगळे एकाच कंपनीच्या नावाने ओळखतात. मामा नुसतं 'मशीन' म्हणत, जणू जगात दुसरं यंत्र नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते आणि बेलवलीत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होते. बदलापूर-अंबरनाथकडे जो तो काहीतरी पाडतो आहे किंवा बांधतो आहे. त्यामुळे जुनं मशीन घेऊन कंत्राटी कामं धरणाऱ्यांना तोटा नव्हता, आणि त्यातला प्रत्येक जण आधी मामांच्या दाराशी येई. मोबदला म्हणून ते फक्त चहा घेत, तोही कटिंग.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. यंत्रांबद्दल मला छापील माहिती भरपूर आहे, म्हणजे काहीच नाही. निवृत्तीनंतर मी दिवसभर घरात असतो हे बायकोच्या लक्षात आलं, तेव्हापासून मी मामांबरोबर जुनी मशीनं विकणाऱ्यांच्या यार्डात जाऊ लागलो.

इंजिन सुरू झाल्यावर ते पुन्हा तळहात ठेवत आणि या वेळी बराच वेळ डोळे मिटून उभे राहत. आजूबाजूचे लोक बोलायचे थांबत. मला हा प्रकार जरा बुवाबाजीचा वाटे. एकदा मी विचारलंच, "मामा, अंगात येतं का हो तुमच्या?"

"आमच्यात नाही येत, सर," ते म्हणाले. "छप्पन्न सालीच बंद केलं ते."

समारंभ या गोष्टीवर त्यांचा माझ्याइतकाच विश्वास होता. एका स्थानिक पुढाऱ्याने मामांना न विचारता, नुकतंच रंगवलेलं मशीन घेतलं आणि त्याचं उद्घाटन ठेवलं. मांडव, झेंडूच्या माळा, नारळ. छायाचित्रासाठी साहेब पुढच्या सुपात उभे राहिले आणि चालकाने त्यांना पुरुषभर उंच उचललं. माइक हातात होताच, तेव्हा साहेबांनी वरूनच भाषण सुरू केलं. विकास, तरुणाई, माता-भगिनी. सूप मात्र हळूहळू खाली येत होतं. चालकाने कशालाही हात लावला नव्हता. "मी तुमच्यातलाच एक" या वाक्यापर्यंत साहेब श्रोत्यांच्या पातळीवर आले आणि आभार मानताना तर बसलेल्यांपैकी मागच्यांना दिसेनासे झाले. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "सीलं गेलीत सिलिंडरची. पण मशीन लोकशाहीवादी आहे."

माझी धाकटी बहीण सुमन बदलापूरच्या पुढे एका खेड्यात राहते. नवरा गेल्यापासून शेती एकटीच बघते, ट्रॅक्टर स्वतः चालवते. तिची रस्त्याला लागून जमिनीची एक पट्टी आहे. ती घेण्यासाठी एका बिल्डरचा माणूस दर महिन्याला पेढ्यांचा पुडा घेऊन येई आणि सुमनकडे न बघता पट्टीकडे बघत बोले. सुमनने जुनं मशीन घ्यायचं ठरवलं. "नुसत्या भातावर आता भागत नाही, दादा," ती म्हणाली. "मशीन आलं तर आपले बांध, आपलं तळं आपण करू, आणि बाकीचे दिवस गावाची कामं. पण एकदाच जमणार आहे हे. मशीन बिघडून बसलं, तर पट्टी गेली समज."

मी तिला मामांकडे नेलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. बायकांशी बोलताना ते नेहमीच असं बघत, आणि मी ती त्यांची अदब समजत होतो.

उल्हासनगरच्या एका शेठच्या यार्डात आम्ही तिघं गेलो. "आओ साईं, आओ," शेठ म्हणाला. "आपके लिए तो इंजन को हाथ भी नहीं लगाया." पहिलं मशीन लखलखीत होतं. मामांनी नखाने एका सांध्यावरचा रंग खरवडला, खालचं वेल्डिंग बघितलं आणि म्हणाले, "हळद लावलीय, शेठ. नवरीला आतून ताप आहे." दुसरं मशीन मळकं होतं. सीट फाटलेली, टायर अर्धे झिजलेले. पण झाकण थंड लागलं आणि इंजिन एका फटक्यात उठलं. धूर विरळ. मामांनी पिना हलवून बघितल्या, ऑइल दोन बोटांत चोळलं, मशीन मागच्या टेकणाच्या पायांवर उचलून घड्याळात बघत थांबले. ते तसूभरही खाली आलं नाही. मग त्यांनी तळहात ठेवला, डोळे मिटले आणि उघडून म्हणाले, "घ्या, ताई."

शेठने लगेच चहा सांगितला. चालक मागचा हात वर-खाली करून दाखवत होता. सुमन मशीनच्या जवळ गेली आणि मान तिरकी करून उभी राहिली.

"मामा, ती सूं कसली येते?"

"कसली?"

"बारीक. हात वर जाताना वाढते बघा. आता... आता परत."

मलाही ती ऐकू येत होती. यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येकालाच येत असणार. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग चालकाकडे, मग शेठच्या तोंडाकडे. शेठ घाईने म्हणाला, "कुछ नहीं साईं, पुरानी मशीन है, थोड़ा तो गाएगी ना."

त्या क्षणी मामांना काहीही म्हणता आलं असतं. 'पट्टा सैल आहे' म्हटलं असतं तरी सुमनने मान डोलावली असती. त्यांनी चालकाला इंजिन बंद करायची खूण केली आणि सगळं शांत झाल्यावर म्हणाले, "ताई, मला बारीक आवाज ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. कारखान्याने नेले ते कान. जाड आवाज येतो, धक्का हाताला कळतो. सूं नाही कळत. माझ्या 'घ्या'वर जाऊ नका."

शेठ त्यांच्याकडे बघतच राहिला. "क्या मामा! इतने साल मेरी मशीनें फेल करते रहे, और सुनाई देता नहीं?"

"फेल केलेली सगळी बरोबर फेल केलीत, शेठ," मामा म्हणाले. "पास केलेल्यांचं मात्र..."

मग त्यांनी पिशवीतून लांब पात्याचा स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याची मूठ सुमनच्या कानामागच्या हाडाला लावली, टोक कुठे टेकवायचं ते दाखवलं आणि मशीन पुन्हा सुरू करायला लावलं. इंजिनावर, गिअरबॉक्सवर, शेवटी हायड्रॉलिकच्या पंपावर. पंपावर टोक टेकताच सुमनचा चेहरा वाकडा झाला. "सांगा," मामा तिच्या ओठांकडे बघत म्हणाले.

"भात शिजत आला की झाकणाखालून येते ना, तशी सूं आहे. पण मध्येच कच् कच् होते. घासात खडा आल्यावाणी."

"खडाच आहे तो," मामा म्हणाले. "पंप स्वतःचंच लोखंड खातोय. ती चूर सगळ्या मशीनभर फिरणार. नको, ताई."

रिक्षात मी मागचे प्रसंग आठवत होतो. तळहात, मिटलेले डोळे, बायकांच्या चेहऱ्याकडे बघणं, सगळं एकेक करून जागेवर बसत होतं. श्रवणयंत्राचं विचारलं, तर ते म्हणाले, मुलाने आणून दिलंय, पण ते लावलं की भांड्यांची फळी कोसळल्यासारखं होतं. आणि कानात यंत्र घालून यार्डात गेलो, तर कोण उभं करील? मग जरा वेळाने म्हणाले, "तुमच्याशी बोलायला बरं वाटतं, सर. तुमचा आवाज जाड आहे." इतकी वर्षं संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर ते माझ्याशेजारी येऊन बसत ते माझ्या वाचनासाठी, असा माझा समज होता. काही समज निवृत्तीनंतर जातात ते बरंच.

ही बातमी यार्डायार्डांतून फिरली. मामांच्या दाराशी येणारी माणसं थांबली. त्याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्याहून मोठं काम त्यांनी स्वतःच्या मागे लावून घेतलं होतं. ज्यांची ज्यांची मशीनं त्यांनी 'पास' केली होती, त्यांच्याकडे ते एकेक करून जाऊन विचारू लागले. बहुतेकांची ठीक चालली होती. अंबरनाथच्या एका कंत्राटदाराचा पंप मात्र घेतल्याच्या वर्षातच गेला होता. "तुम्हाला काय सांगायचं, मामा," तो म्हणाला, "तुम्ही वडिलांसारखे." मामा त्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "वडिलांना तर आधी सांगायचं, बाबा."

इकडे पेढ्यांचा पुडा येतच होता. एका रविवारी सुमन बेलवलीला आली आणि मामांसमोर बसून, त्यांना दिसेल अशा बेताने म्हणाली, "चला. डोकं तुमचं, कान माझे."

"लोक हसतील, ताई."

"हसू दे. हसण्याचा आवाज तुम्हाला कुठे येतोय?"

मामांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुढचे दोन महिने ती दोघं यार्डं पालथी घालत होती. ती कानाला मूठ लावून सांगे, "सुपात पाखडल्यासारखं," "उखळात मुसळ," "ओल्या चपलेवाणी," आणि मामा त्या त्या आवाजाला दुखण्याचं नाव देत. शेवटी बदलापूरमध्येच एक मशीन मिळालं. सीलं पाझरत होती, ब्रेक ओढत होता, दरवाजा दोरीने बांधलेला. मामांनी दुखण्यांची यादी मालकासमोर वाचून दाखवली. त्याने प्रत्येकाला मान डोलावली आणि आपणहून आणखी एक सांगितलं. "हे घ्या," मामा म्हणाले. "निरोगी म्हातारा कुठे मिळत नाही. खोड लपवत नाही, तोच घ्यायचा."

ते मशीन अजून चालतंय. रस्त्याकडची पट्टी सुमनच्याच नावावर आहे. तिथे आता तळं आहे आणि पेढेवाला यायचा बंद झाला. मामा गेले त्याला दोन पावसाळे झाले. दुखणं चार दिवसांचं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गर्दी होती, भाषणंही झाली. एका वक्त्याने त्यांना 'यंत्रमहर्षी' म्हटलं. शेजारच्या खुर्चीवर मामा नव्हते, म्हणून त्यातली गंमत मला कोणाला सांगता आली नाही. संध्याकाळी मी अजून त्याच बाकावर बसतो. माझा आवाज आता लोकांना नुसता मोठा वाटतो.

एक दुपार सारखी आठवते. मशीन घेऊन झालं होतं, सुमन भाजी घेऊन मामांकडे आली होती, मीही होतो. मामांची नात, पाच वर्षांची, आतल्या खोलीत बाहुलीला झोडपून काढत होती, तोंडाने अखंड बडबड चालू. मामा जरा वेळ दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुम्हाला एक विचारू? आमची चिमणी... तिचा आवाज कसा आहे हो? ती झाली तेव्हा हे कान गेलेले होते. घरच्यांना विचारलं तर 'गोड आहे' म्हणतात. गोड म्हणजे काय कळतं?"

सुमनने उत्तर द्यायची घाई केली नाही. मान तिरकी करून तिने चांगला मिनिटभर कान दिला.

"खरं सांगू, मामा? गोड नाही. चिरका आहे. नळाला पाणी यायच्या आधी हवा येते ना, फुर्र फुर्र करत, तसा सुरू होतो. आणि मग एकदम धार लागते. स्वच्छ. भांडं भरून वाहतं, तरी बंद होत नाही."

मामांनी डोळे मिटले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, रिकामे. आत बाहुलीला आणखी दोन फटके बसले.

"परत एकदा सांगा," डोळे उघडून ते म्हणाले.

सुमनने खुर्ची पुढे ओढली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि सगळं पहिल्यापासून हळूहळू पुन्हा सांगितलं.