नानांची तुरटी

पाणी प्यायच्या आधी नाना पेला उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "निवळू द्या." चहाच्या टपरीवर असोत नाहीतर व्याह्यांच्या घरी, पेला वर गेलाच म्हणून समजा. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण तो नेमका माझ्याच प्रयोगशाळेत शिपाई म्हणून यावा, याला काय म्हणावं!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी अमळनेरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. बोरी नदीतून वाळूचे ट्रक भरायला लागले होते. पाणी कायम गढूळ, आणि शिंपले दिसेनासे होत चाललेले. गाळाने शिंपल्यांच्या पिल्लांचं काय होतं, हा माझा पीएच.डी.चा विषय. मोहरीएवढी पिल्लं, कशीबशी मिळवलेली. तीन बरण्यांत स्वच्छ पाणी, तीन बरण्यांत गाळाचं. गाळ तळाशी बसू नये म्हणून दर तासाला ढवळायचं काम नानांकडे.

नदीकाठी जन्म गेलेला माणूस. त्यांच्या घरी पावसाळ्यात माठात तुरटी फिरवल्याशिवाय पाणी कुणी तोंडाला लावत नसे. त्यांना मी मुद्दाम पाणी गढूळ ठेवायला सांगत होतो.

"सर, हाई पाप शे," ते ढवळता ढवळता म्हणायचे. "बठ्ठा उपाशी शेतस."

"नाना, सगळी उपाशी राहतात का, तेच तर बघायचंय!"

"मंग मी काय सांगी ऱ्हायनू?"

डोक्याला हात लावायचा, दुसरं काय! बरं, म्हातारा बरोबरच होता. गाळ आला की पिल्लं शिंपा मिटून घेत. खाणं बंद, वाढ बंद. माझ्या वहीत तेच तर उतरत होतं.

मग मी साडूच्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस धुळ्याला गेलो. परत आलो तर सहाही बरण्या लख्ख. नाना हातात तुरटीचा खडा घेऊन उभे, तोंडभर हसत. "देखा सर, कसं काच झालं पाणी!"

मी भिंग घेतलं. गाळाच्या तिन्ही बरण्यांत तुरटीने सगळा गाळ एकदम खाली बसला होता, आणि पिल्लं त्याच्याखाली गाडली गेली होती. एकही जिवंत नव्हतं. तीन महिन्यांची मेहनत मातीत गेली. माझं टाळकंच फिरलं. "तुम्ही मारलीत त्यांना! तुम्ही!" सगळ्या विद्यार्थ्यांसमोर ओरडलो मी.

नानांनी बरणी उजेडाकडे धरली. एक डोळा मिटला. मग ती जागेवर ठेवली आणि तुरटीचा खडा खिशात टाकला. दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. तेवढ्या दिवसांत त्यांनी बरण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि माझ्या तोंडून साधं "चुकलं" निघालं नाही. आजही त्याची चीड येते, माझीच.

पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं मिळवली. नवा शिपाई घड्याळ लावून ढवळायचा. एक तास चुकला नाही. प्रयोग अगदी सुरळीत चालला होता. गाळाच्या बरण्यांत पिल्लं ठरल्यासारखी मरत होती. एक दिवस मला राहवलं नाही.

"काय हो, पाप वाटत नाही?"

"कसलं, सर?" तो म्हणाला, आणि ढवळत राहिला.