दारातली हरळी

माझ्या दारात लॉन आहे आणि त्याला पाणी घालताना मला शिसारी येते. कुजलेल्या शेणखताचा वास, ओल्या मुळांत वळवळणारी हुमणीची पांढरी अळी, आणि सकाळी शेजारच्या कुत्र्यानं ठेवून गेलेला प्रसाद. हे सगळं मी हौसेनं दारात आणलेलं आहे.

बुलढाण्यात घर बांधलं तेव्हा समोर हिरवा गालिचा हवाच, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. एका साहेबांच्या बंगल्यावर तसा पाहिला होता. चपला काढून त्यावर उभं राहून चहाही प्यायलो होतो. नर्सरीवाला गवताच्या चटया घेऊन आला. 'बर्म्युडा' म्हणाला. मी पाहताक्षणी ओळखलं. हरळी होती ती. जरा बारीक पानाची, शहरात राहून आलेली, पण हरळीच. तरी पैसे मोजून दिले.

वडनेर भोलजीजवळच्या आमच्या वावरात वडिलांनी जन्मभर याच गवताशी वैर धरलं. काळ्या जमिनीत हरळी शिरली की कपाशी पिवळी पडते. उन्हाळ्यात नांगरट झाली की वडील कुदळीनं मुळ्या उकरत, आणि मागून मी एकेक कांडी वेचत असे. एक पेर राहिलं तरी ती पुन्हा फुटते, म्हणून मी वेचलेली जागा ते परत तपासत. ढीग बांधावर वाळवून जाळायचा, दुसऱ्याच्या वावराकडे फेकायचा नाही. ज्याच्या वावरात हरळी माजलेली दिसे, त्याच्याबद्दल वडील एवढंच म्हणत, "त्या घरात माणूस नाही." मला त्या कामाची किळस होती. नखांत माती, पाठीवर ऊन, आणि संपता न संपणारी ती मुळं. त्यातून सुटायला म्हणूनच शिकलो आणि नोकरी धरली.

आई गेल्यावर वडील गावात एकटे पडले. त्यांनी माझ्याकडे कायमचं राहायला यावं म्हणून मी त्यांच्या मागेच लागलो होतो. शेवटी तयार झाले. "आठ दिवस राहून पाह्यतो," म्हणाले. आल्या आल्या पायरीशी थांबून त्यांनी लॉनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत गेले. आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी येतं. वडील अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत आणि मी बाहेर पाइप सोडून बसे.

चौथ्या दिवशी मी आणि बायको लग्नाला लोणारला गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो तर अंगणात नुसती माती. सगळं लॉन ढीग होऊन फाटकाशी वाळत पडलं होतं. वडील पायरीवर बसले होते. तळहातांवर फोड, चेहरा खुललेला.

"सगळी खंदून काढली," ते म्हणाले. "तुले नोकरीतून टाइम भेटत नसन. दारात हरळी माजली होती, लोक काय म्हणतीन? एक पेर ठेवलं नाही."

मी ओरडलो. बायको दंड धरून ओढत होती तरी ओरडलो. "बाबा, मुद्दाम लावली होती थे! विकत आणली होती!"

"हरळी?" त्यांनी विचारलं. "विकत?"

ताटात मेलेली पाल निघावी तसं त्यांचं तोंड झालं. ते तोंड मला अजून दिसतं. त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं ते गावी गेले. जाताना सगळी हरळी पोत्यात भरून सोबत नेली. इथं पडली तर वाऱ्यापाण्यानं कोणाच्या तरी वावरात जाईल, घरी नेऊन जाळतो म्हणाले.

पंधरा दिवसांत मी नवं लॉन अंथरलं. का, ते मला धड सांगता येत नाही. बहुतेक हट्टानं. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून कौतुक करतात आणि मला माझीच घाण वाटते.

दर रविवारी मी वडिलांना फोन करतो. नवं लॉन लावल्याचं त्यांना बायकोकडून कळलं आहे. ते एकच गोष्ट विचारतात आणि मी विषय बदलतो. गेल्या रविवारी मी खोटं बोललो.

"गेली का हरळी?"

"हाव, गेली."

"मंग येतो मी राह्यले. उद्याच येतो."

मी अंगणात उभा होतो, हातात पाइप चालू होता. म्हणालो, "आत्ताच नका येऊ बाबा. ऊन लय तपून राह्यलं."