सेतुमामांची मांडी

घरी कुणीही आलं, की सेतुमामा त्या माणसाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि मनापासून हळहळत. "अय्यो, किती वाळलांत हो," म्हणत. समोरचा खरोखर वाळलेला असला पाहिजे, अशी काही अट नव्हती. पोस्टमन, गॅसवाला, देवळातले गुरुजी, सगळ्यांना हेच स्वागत. मी त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने बघायला गेले, तेव्हा दारातून सरळ शिरावं की जरा तिरकं व्हावं, असा माझा देह होता. साताऱ्याला आमच्या आत्या मला "आली का गं आमची कणगी" म्हणून हाक मारायच्या. अशा मला मामांनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि आत वळून म्हणाले, "जानकी, ही पोर पाहा किती वाळली आहे. हिला आधी वाढ, घर मग दाखवूं." मी घर न बघताच होकार दिला.

घर तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या उपनगरात होतं. मामा तिथल्याच एका कारखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मूळचे तंजावरचे मराठी. त्यांची भाषा ऐकून पहिले काही दिवस मला वाटायचं, कुणी जुनी बखर उघडून वाचतंय आणि मध्येच तमिळमधून भाजीवाल्याशी हुज्जत घालतंय. सगळ्याला ते 'असकं' म्हणत. "असकी मंडळी आली", "असकं दूध उतू गेलं". मी नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून लोकलने दमून परत आले की जिन्यातच हाक यायची, "असकं जेवलीस की डब्यात ठेवून आणलंस?" आणि मी डबा उघडून दाखवीपर्यंत जिना चढायची परवानगी नसे.

स्वतः मामा मात्र दोरीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखे होते. शर्टाच्या बाहीतून दोन दंड आणखी मावले असते. तंजावरला त्यांच्या लहानपणी घर मोठं होतं आणि भांडं लहान. सकाळी कंजी, म्हणजे भाताची पेज. थोरला हनुमंत आधी जेवायचा, तळाशी उरेल ते सेतूचं. "मी कारखान्यास लागलों आणि पोट भरून जेवलों," ते सांगत. "तेव्हांपासून कोणाच्या अंगावर मांस दिसलं, की मजला बरं वाटतं. त्या घरांत पगार येतो म्हणायचा."

हे सगळं त्यांनी उतरवलं ते गिरिजाच्या पानात. उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. दहीभातावर तुपाची धार धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ती शाळेतून आली की मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा डबा, शिकवणीहून आली की केळ्याचे काप. पुढे ती सिरुसेरीला एका मोठ्या कंपनीत लागली. आठवडाभर तिकडेच हॉस्टेलवर राहायची. दिवसभर संगणकासमोर, रात्री साता समुद्रापलीकडच्या साहेबांशी बोलणं, आणि अवेळी भूक लागली की खाली फूड कोर्टात तळणीवर तळण. शनिवारी घरी यायची तेव्हा मामी चूल पेटवून वाटच बघत असायच्या. शहराने आणि आईबापांनी मिळून गिरिजाला असं वाढवलं होतं, की कोण जास्त जबाबदार हे ठरवणं कठीण होतं.

पोरगी हुशार होती आणि तोंडाची गोड. पण मी तिला कधी खुर्चीत नीट बसलेली पाहिली नाही. सोफ्याच्या कडेवर, शेअर ऑटोत एका कुल्ल्यावर, लोकलमध्ये जागा असली तरी दाराशी उभी. मला ते लगेच कळलं, कारण मीही तशीच बसते. आपल्यामुळे कुणाची जागा जाऊ नये, खुर्ची करकरू नये, म्हणून अर्धा भार आपल्याच पायांवर ठेवायचा. आम्हा जाड्या बायकांच्या मांड्या यामुळेच मजबूत असतात, जिमला जायची गरज नाही.

जिमवरून आठवलं, मामांचे थोरले बंधू हनुमंतराव. नुंगंबाक्कमला बंगला, मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा धंदा. तरुणपणी यांचं पोट आधी खोलीत यायचं आणि मग ते, असं मामी सांगत. आता त्यांच्याकडे सकाळी व्यायाम शिकवणारा यायचा, जेवणात पालापाचोळा आणि वरीसारखं काहीतरी असायचं, आणि साठी उलटूनही माणूस वेतासारखा ताठ होता. उलट आमच्याकडे भांडी घासायला येणारी सेल्वी वर्षागणिक रुंद होत होती. "रेशनचा तांदूळ फुकट, अम्मा. भाजी कोण फुकट देतं?" ती म्हणायची. "परोटा खाल्ला की रात्रीपर्यंत भूक नाही." तिचे गुडघे मात्र कुरकुरायचे. मामा हे सगळं पाहून चक्रावत. "आमच्या वेळीं श्रीमंत सुटलेले आणि गरीब वाळलेले, पाहतांच कळे. आतां श्रीमंत उपाशी राहतात आणि गरिबांची पोटं सुटतात. हें कोणी उलटं केलं?"

गिरिजाला बघायला येणाऱ्यांना मात्र यातलं काही कळून घ्यायचं नव्हतं. चहा पिऊन जात आणि दोन दिवसांनी निरोप येई, की मुलगी जरा 'हेल्दी' आहे. तिसऱ्या की चौथ्या वेळी गिरिजा बापाला शांतपणे म्हणाली, "अप्पा, लोकांपुढे मला वाळलीस म्हणू नका. त्यांना वाटतं तुम्ही थट्टा करता." त्या दिवसापासून मामांनी घरात येणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस चालू ठेवली, फक्त पोटच्या पोरीची बंद केली. शनिवारी ती आली की ते तोंड उघडत आणि मिटत. मला ते बघवत नसे.

मग राघव आला. तिच्याच ऑफिसातला, घराणं कुंभकोणमचं तंजावर मराठीच. त्याने ना चहा घेतला ना निरोप पाठवला, सरळ मामांना म्हणाला, "गिरिजा हसली की माझा दिवस बरा जातो. परवानगी द्या." मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो चांगला भरलेला असूनही, "किती वाळला आहेस रे," असं म्हटलं. आम्ही समजलो, पसंती झाली.

अडचण निघाली ती साखरपुड्याला. या लोकांच्या घरांत तमिळ शेजाऱ्यांची एक रीत कधीतरी शिरून पक्की झाली आहे. मुहूर्ताला बाप पाटावर मांडी घालून बसतो, नवरी त्याच्या मांडीवर बसते, आणि ती तिथे असतानाच नवरा मंगळसूत्र बांधतो. राघवच्या आत्याने एकदा मामांकडे पाहिलं, एकदा गिरिजाकडे, आणि सोज्वळपणे म्हणाली, "हल्ली खुर्ची ठेवतात. मुलगी बाजूला उभी राहिली तरी चालतं." हशा पिकला. हनुमंतरावांनी त्यावर तोडगा काढला. "सेतू, तुझ्यानं होणें नाहीं. मी थोरला. मी बसतों मांडी घालून. मजला रोजचा सराव आहे." ते वाईट मनाने बोलले नव्हते, हे आणखी वाईट. सगळ्यांना ते पटलं. गिरिजा तिच्या खुर्चीच्या कडेवरून आणखी थोडी पुढे सरकली.

त्यानंतर तिने जेवण सोडलं. काकडी आणि ताक. मामींनी समजावलं, मी रागावले, पण ऐकेना. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या बसमधून उतरताना ती कोसळली. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि आम्हा सगळ्यांनाच झापलं. साखर उंबरठ्यावर आली आहे, वजन उतरायला हवं हे खरंच, पण ते झोप सुधारून, चालून, तळण सोडून, सावकाश. उपास काढून नव्हे. "एवढी घाई कशाची आहे तुला?" त्यांनी विचारलं. गिरिजा भिंतीकडे बघत म्हणाली, "अप्पांच्या मांडीला जड व्हायला नको."

मामा तिथेच खाटेच्या पायथ्याशी उभे होते. घरी येईपर्यंत ते रडले नाहीत. घरी येऊन ओसरीवर बसले आणि मामींना म्हणाले, "जानकी, माझी भूक मी तिच्या पानांत वाढत राहिलों. आतां तिनें ती माझ्यासाठीं फेडायची?" मग उठून गिरिजाच्या खोलीच्या दाराशी गेले. "ऐक. तूं डॉक्टरीण म्हणते तसं जेव. तुझ्या तब्येतीसाठीं चाल, माझ्यासाठीं नको. लग्नापर्यंत तूं हलकी व्हायची नाहींस. मी बळकट होणार. सरी, कबूल?"

आणि आमच्या गल्लीला तमाशा मिळाला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मामा ओसरीवर पाट मांडून मांडी घालून बसत आणि सेल्वी त्यांच्या मांडीवर तांदळाची पिशवी ठेवी. आधी लहान पिशवी, मग दोन, मग पोतं. मामा डोळे मिटून विष्णुसहस्रनाम म्हणत, आणि ते संपल्याशिवाय पोतं उचलायचं नाही असा सेल्वीला हुकूम. सुरुवातीला नाम अर्ध्यावर यायच्या आत मामांचा आवाज पातळ व्हायचा. सेल्वी पिशवी उचलायला धावायची, तर डोळे न उघडता हातानेच तिला थांबवत. जन्मभर दुसऱ्याच्या पानात वाढणारा हा माणूस आता स्वतः हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे उसळ, वाटी वाटी खाऊ लागला. संध्याकाळी बापलेक तळ्याकडे चालायला जात. गिरिजाने रात्रीची पाळी बदलून घेतली होती आणि ती आता रोज घरी येत होती. चालताना ती पुढे आणि मामा मागे, नंतर नंतर मामा पुढे.

एक दिवस मामींनी शंका काढली. "पोतं गप बसतं. पोरगी हालेल, रडेल. तिचं काय?" मामांना ते पटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सेल्वीला सांगता येईना, मला सांगता येईना. शेवटी मामीच पदर खोचून, भर सकाळी, असक्या गल्लीच्या देखत नवऱ्याच्या मांडीवर बसल्या. दूधवाला सायकल धरून उभाच राहिला. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई खिडकीत आल्या. मामी लाजून हलल्या, हसून हलल्या, आणि मामा घामाने निथळत सहस्रनाम शेवटपर्यंत म्हणाले. मला वरच्या गच्चीतून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी वाजवल्याही.

लग्नाच्या सकाळी सभागृह भरलेलं होतं. कोपऱ्यात आत्याबाईंनी एक खुर्ची आणवून ठेवलीच होती. मामांच्या मागे हनुमंतराव सोवळं नेसून, बाह्या नसल्या तरी बाह्या सरसावल्याच्या आविर्भावात तयार होते. मामा पाटावर बसले. मामी हातात पाण्याची झारी घेऊन शेजारी. गिरिजा नऊवारी नेसून आली, डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून थोडी उतरली होती, पण तशी गिरिजाच होती. सभागृहात एकदम कुजबुज थांबली. ती वळली आणि बसली.

मामांच्या कपाळाला आठी पडली. मी पहिल्या रांगेत होते, मला दिसलं काय झालं ते. गिरिजाच्या टाचा जमिनीत रुतल्या होत्या, पोटऱ्या थरथरत होत्या. बापाच्या मांडीवर ती नुसती टेकली होती. सगळा भार तिने आपल्याच पायांवर धरला होता, सोफ्यावर धरायची तसा, शेअर ऑटोत धरायची तसा.

गुरुजींनी खूण केली. नादस्वरवाल्याने पिपाणी ओठाला लावली. राघव मंगळसूत्र घेऊन पुढे झाला. मामांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"गिरिजा," ते म्हणाले, "अर्धी कां बसलीस? असकी बस गं."

"जड होईन, अप्पा."

"तर काय. माझी पोर हलकी कां असावी? असकी बस."

तिचे पाय हळूहळू सैल झाले. मी त्या टाचा जमिनीवरून उचललेल्या पाहिल्या. मामांचं अंग एकदा हललं, मान ताठ झाली, ओठ पुटपुटू लागले. सहस्रनामच असणार. ती रडली, हलली, हुंदके देऊन हलली, आणि मामा पाटावर जसेच्या तसे. ढोल आणि नादस्वर असे कडाडले की अक्षता टाकायचं भान कुणाला राहिलं नाही. राघवला मंगळसूत्राच्या तीन गाठींतली तिसरी काही केल्या जमेना. आत्याबाई ओरडून म्हणाल्या, "लवकर बांध रे." मामा म्हणाले, "सावकाश बांध. मजला घाई नाहीं."

सगळं आटोपल्यावर मामांना उठता येईना. पाय बधिर झाले होते. हनुमंतराव वाकले आणि त्यांनी धाकट्या भावाला काखेत हात घालून उभं केलं. त्यांचे डोळे भरले होते. मामांनी दादांच्या खांद्याचा आधार घेतला, त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि अगदी मनापासून हळहळून म्हणाले, "दादा, किती वाळलांत हो. चला, असकं जेवूं." हनुमंतराव त्या दिवशी माझ्या शेजारच्या केळीच्या पानावर बसले होते. त्यांनी पायसम दोनदा मागून घेतलं.

माझी बदली झाली आणि मी पुण्याला आले. मामा आता ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन सहस्रनाम म्हणतात, आणि फोनवर मला न बघताच वाळल्याचं सांगतात. माझं वजन होतं तिथेच आहे, फक्त हल्ली रोज संध्याकाळी टेकडीवर चालायला जाते. परवा बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या बाई जरा आक्रसल्या. मी सवयीने कडेवर टेकले, आणि मग आठवलं. पिशवी पायाशी ठेवली, पाय सैल सोडले, आणि असकी बसले.