टेपमावशीनं अंगण बेतलं

टेपमावशीला टेपमावशी का म्हणायचे, तर तिच्या गळ्यात कायम माप घ्यायची टेप. भाजी आणायला निघाली तरी टेप, दवाखान्यात गेली तरी टेप, झोपताना तेवढी उशाशी. वय अडुसष्ट, उंची बेताची, आणि जीभ अशी की तिच्यापुढं कात्री बोथट वाटावी. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागं दोन खोल्या, आणि फाटकापासून दारापर्यंत सिमेंटचं अंगण. सगळा घोळ केला तो त्या अंगणानं.

झालं काय, की शेजारी तीन मजली इमारत उठली आणि अंगणातलं ऊन गेलं. ऊन गेलं तसं शेवाळ आलं. हिरवंगार, मऊ, मखमलीसारखं. मावशी म्हणायची, "हे कापड असतं ना, तर मीटरवर विकून मोकळी झाले असते." आणि एक दिवस गिऱ्हाईकाचा कोट हातात घेऊन ती निघाली, ती फाटकापाशी पोचली खरी, पण बसून पोचली. कोटाला एक डाग नाही लागू दिला बाईनं. मनगट मात्र मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

मुलगा तिचा लिफ्ट तपासणारा. इमारती-इमारतींतून फिरायचं, लिफ्ट वरखाली करून बघायची, आणि कागद चिकटवायचा, चालू नाहीतर बंद. बारा वर्षं हेच करून स्वभावही तसाच झालेला. मधलं काही त्याला दिसायचंच नाही.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तो म्हणाला, "आई, मी रविवारी येतो. अंगण असंच असलं, तर घराला कुलूप आणि तू आमच्याकडे. सातवा मजला आहे, पण लिफ्ट आहे."

"मग गिऱ्हाइकांची मापं काय लिफ्टमध्ये उभं करून घेऊ?"

"शिवण बास आता, आई."

बाकी सगळं गिळलं तिनं, पण हे 'बास' काही घशाखाली उतरेना. चाळीस वर्षं त्या यंत्रावर घर उभं केलं, ह्याच लिफ्टवाल्याच्या शाळेच्या चड्ड्या त्यावर शिवल्या, आणि आता बास?

दुसऱ्या दिवसापासून घासायला बसली. ब्रशनं घासलं, चुन्याची पूड टाकली, सोडा टाकला. गुडघे सोलले, शेवाळ हसत तिथंच. शेजारची सिस्टर, म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्सबाई, कुंपणावरून बघत होती. तिनंच त्या मनगटाला पहिली पट्टी बांधलेली, म्हणून तिचा अधिकार मोठा.

"अगं, अंगण घासतेस की त्याला अंगाई म्हणतेस? डेपोत बस धुतात ते मशीन घे की. पाण्याचा असा फवारा मारतं, की चिखल पळत सुटतो."

मावशी उठली, टेप सारखी केली, आणि दुकानात गेली.

दुकानदार तरुण, केसाला तेल, तोंडात नुसते आकडे. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "किती बारचं हवं, मावशी?"

"म्हणजे?"

"हे शंभर बार, हे दीडशे बार, आणि हे पेट्रोलवरचं, दोनशे बार."

"अरे, मला अंगण धुवायचंय, लढाईला जायचं नाही. बार कसले उडवतोस?"

"बार म्हणजे पाण्याचा जोर, मावशी."

"मग असं सांग ना. दोनशे नको, घराच्या भिंतीच बाहेर निघतील. आणि फुसका बारही नको. मधलं दाखव."

त्यानं मधलं, विजेवर चालणारं, खाली दोन चाकं असलेलं दाखवलं. मावशीनं ते कापडासारखं तपासलं. चाकं फिरवून बघितली, पाणी मारायच्या बंदुकीचा चाप दाबून बघितला, चापाला अडकण आहे का तेही विचारलं. "पाईप किती लांब?"

"आठ मीटर."

टेप गळ्यातून उतरली. मावशीनं दुकानात पाईप अंथरला आणि वाकून मोजला. "साडेसात. माझ्या नळापासून फाटकापर्यंत सात आहे, म्हणून पुरेल. पण पुढच्या बाईला आठ म्हणू नकोस. तिचं फाटक लांब असेल."

मग त्यानं पाच छोटी तोंडं दिली, पाईपच्या टोकाला बसवायची. लाल, पिवळं, हिरवं, पांढरं, काळं. "काळं साबणाचं. पांढऱ्याचा फवारा सगळ्यात रुंद. हिरवं अंगणाला. लाल शून्य अंशाचं, ते जपून हं." तेवढ्यात फोन वाजला आणि तो फोनवर बोलायला लागला.

आता इथं घोळ झाला. मावशीच्या धंद्यात जपून म्हणजे नाजूक. रेशीम जपून, जाळीचं कापड जपून. त्यातून शून्य म्हणजे काहीच नाही. आणि लाल तोंडाचं भोक बघावं तर सुईच्या नाकाएवढं. बारीक कापडाला बारीक सुई, हे तिनं चाळीस वर्षं पोरींना शिकवलेलं. तिनं लाल तोंड रुमालात बांधलं, कमरेला खोचलं, आणि मनाशी म्हणाली, हे दाराला. दार तिचं निळं, नुकतंच रंगवलेलं.

शनिवारी सकाळी सिस्टर मदतीला आली. वायर पाण्यात लोळू नये म्हणून तिनं ती कपडे वाळत घालायच्या दोरीवरून घेतली. हिरवं तोंड बसवलं, नळ सोडला, बटण दाबलं, मावशीनं चाप ओढला. आधी नुसतीच फुरफुर, पाईपमधली हवा निघाली. आणि मग अशी उसळली बंदूक, की मावशी दोन पावलं मागं आणि सिस्टरच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या चादरींची दुसऱ्यांदा धुलाई.

"मला नको, अंगणाला मार!" सिस्टर ओरडली.

मावशीनं बंदूक काखेत दाबली, खाली वळवली, आणि अहाहा! शेवाळ असं उठलं की जणू कुणी खालून ओढून घेतलं. मागं राहिला एक पट्टा, पांढरा, स्वच्छ, कोऱ्या कापडासारखा. मावशीनं वळून बघितलं. हिरव्या मखमलीवर एक सरळ पांढरी रेघ. तिच्या अंगावर काटा आला. अगदी खडूची रेघ की!

मग काय विचारता. सरळ धुवायचं सोडून बाई बेतायला लागली. ही लांबी, हा खांदा, ही काखेची गोलाई. बंदूक वीतभर वर धरली की रेघ बारीक, हातभर वर नेली की रुंद, हे तिला पाच मिनिटांत कळलं. फाटकापाशी कॉलर काढली, नळापाशी बाही.

"अगं सरळ धू की! अंगणाला झबलं काय शिवतेस?"

"झबलं नाही, कोट आहे. थांब, खिसा राहिला."

"मला दे, मला दे!" सिस्टरनं बंदूक हिसकली आणि पाण्याच्या टाकीवर भल्यामोठ्या मिशा काढल्या. दोघी हसून हसून लोळायच्या तेवढ्या राहिल्या. दोघींची मिळून एकशे तीस वर्षं, बरं का, आणि टाकीला मिशा!

मग मावशीला दाराची आठवण झाली. त्याच्यावर चिखलाचे शिंतोडे. तिनं रुमाल सोडला, लाल तोंड बसवलं, आणि नवजात बाळाला दूध पाजावं तशी हळुवार बंदूक दाराजवळ नेली. चाप ओढला. फर्रर्र! निळा रंग वरपासून खालपर्यंत उसवला, आतलं लाकूड उघडं. मावशी एवढी दचकली की चाप तसाच दाबलेला आणि बंदूक खाली. फटकन आवाज आला. चपलेच्या पट्ट्याचे दोन तुकडे. अंगठ्याला काही नाही, पण अंगठा तिथून सूतभर लांब.

सिस्टरनं धावत जाऊन बटण बंद केलं. मग तिनं मावशीच्या पाठीत धपाटा घातला. "बोट गेलं असतं, बये! मी असले हात-पाय दवाखान्यात बघितलेत. नुसत्या पाण्यानं कापलेले!" आणि आपल्या घरातून गमबूट आणून मावशीच्या पायात कोंबले. लाल तोंड तिनं स्वतःच्या खिशात घातलं, ते काही परत दिलं नाही.

मावशीची मात्र पाचावर धारण बसलेली. अंगण धुवून निघेल, पण उद्या मुलगा हे दार बघणार. दार बघितलं की विचारणार. विचारलं की गेलंच घर. संध्याकाळपर्यंत हिरव्या तोंडानं तिनं सगळं अंगण धुऊन काढलं, आणि मग बसून एक पडदा शिवला. फुलाफुलांचा. दारावर अडकवला.

रविवारी लिफ्टवाला आला, मागं सून. त्यानं अंगण बघितलं आणि लगेच कामाला लागला. बादलीभर पाणी ओतलं. बुटांनी चालला. बूट काढून मोज्यांनी चालला. मध्यभागी दोन उड्या मारल्या. सून म्हणाली, "अहो, आईंचं अंगण आहे, दहा माणसांची लिफ्ट नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला. मावशीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तो वळला. "आई, दाराला पडदा बाहेरून का?"

"वारा लागतो."

"वारा दाराला लागतो?"

कुंपणापलीकडे सिस्टरला खोकला आला. मुलानं पडदा उचलला. उघडं लाकूड बघितलं, आणि मान हलवायला लागला, ती त्याची 'बंद'चा कागद चिकटवायच्या आधीची मान. मावशीनं ठरवलं, आता लपवून काही उपयोग नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "दार सोललं, आणि चप्पलही कापली. बोट थोडक्यात वाचलं. मला वाटलं, बारीक तोंड म्हणजे बारीक सुई. नाजूक कामाला. आणि दुकानदार शून्य म्हणाला, तर मी म्हटलं, ह्यात जोरच नसणार."

मुलाचे डोळे पांढरे झाले. "अगं आई, शून्य म्हणजे पाणी पसरतच नाही! सगळा जोर एका टिंबावर! रुंद तोंड ते नाजूक कामाचं!"

"मग उलटंच आहे की हे. तोंडानं सांगून कसं कळणार? दाखव."

"दाखवतो! हे बघ. पांढरं लावलं. आता ह्या फाटकाच्या खांबावर लांबून असं..."

चाप ओढला त्यानं. खांबावरची दहा वर्षांची काजळी ओघळली आणि खालून गुलाबी रंग निघाला. मुलगा थांबला. "हा खांब गुलाबी होता?"

"तूच तर रंगवलास, नववीत असताना."

त्यानं दुसरा खांब घेतला. मग पायरी. मग हिरवं तोंड लावून कुंपणाची भिंत. सून म्हणाली, "चला, उशीर होतोय." तो म्हणाला, "एवढी वीट." वीट झाली की पुढची वीट. सिस्टरनं कुंपणावरून खुर्च्या दिल्या, त्या धुतल्या. पायपुसणं दिलं, ते धुतलं. समोरच्या घरातून सायकल आली. सून दोनदा ओरडली, आणि तिसऱ्यांदा पदर खोचून पुढं आली, "आता मला द्या, नाहीतर मी बसनं जाते." तिनं बंदूक घेतली आणि पहिला फवारा नवऱ्याच्या गुडघ्याखाली, पांढऱ्या तोंडानं, लांबून, अगदी नाजूक. असा नाचला तो! मावशी पायरीवर बसून डोळे पुसत होती, हसून हसून पाणी आलेलं.

दुपारी तिघं ओलीचिंब होऊन जेवायला बसली. सुनेनं विचारलं, "मग, आईंचं सामान आज न्यायचं की पुढच्या रविवारी?"

"कसलं सामान?" मुलगा म्हणाला. "गमबूट घालायचे, लाल तोंडाला हात लावायचा नाही, आणि सिस्टर घरी असतील तेव्हाच मशीन काढायचं. एवढं कबूल असेल तर शीव काय शिवायचं ते."

"कबूल," मावशी म्हणाली, आणि त्याला आणखी एक पोळी वाढली. पुढच्या खोलीत जाऊन तिनं यंत्रावरचं कापड काढलं, चाक उगीच एकदा फिरवून बघितलं.

बुधवारी मुलाचा फोन आला. कामावरून, हळू आवाजात. "आई, मागची भिंत आहे ना, संडासाच्या बाजूची?"

"हो."

"ती धुऊ नकोस हं. माझ्यासाठी ठेव. रविवारी येतो."

"ठेवते बाबा, ठेवते," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला. मागं जाऊन उभी राहिली. भिंत काळीकुट्ट, वरपासून खालपर्यंत, नुसती सुरेख. हात शिवशिवायला लागले तिचे. मग तिनं कुंपणावरून हाक मारली, "सिस्टर, घरात आहेस का गं? फक्त एक कॉलर काढते."